अथेन्सची तटबंदी लढाईत फुटली नव्हती
प्राचीन ग्रीसमधील पेलोपोनेशियन युद्धात स्पार्टाच्या पायदळाने तटबंदी फोडून अथेन्स जिंकले, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. तटबंदी पाडली गेली ती शरणागतीनंतर, तहाची अट म्हणून.

युद्धाचा निकाल लागला इ.स.पू. ४०५ मध्ये, हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत, एगोस्पोटामीच्या किनाऱ्यावर. ग्रीक इतिहासकार झेनोफोन सांगतो, की चार दिवस स्पार्टाचा आरमारी सेनापती लायसँडर लढायला बाहेरच पडला नाही. पाचव्या दिवशी अथेन्सचे खलाशी अन्नासाठी किनाऱ्यावर पांगले आणि त्याने झडप घातली. सुमारे १८० जहाजांपैकी जेमतेम दहा निसटली. याच सामुद्रधुनीतून अथेन्सला काळ्या समुद्राकडून येणारे धान्य तुटले. ४०४ मध्ये भुकेने अथेन्सला वाकवले.

आणि लायसँडरचे आरमार उभे होते इराणी राजपुत्र सायरसच्या पैशावर! स्पार्टाच्या शौर्यकथा सांगताना हे गाळू नये, ही कळकळीची विनंती.