मोचे मृत्पात्रांवरील फेटा भारतीय राजाचा नाही

माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "हे खरे आहे का रे?" त्यात म्हटले होते की, पाताळ म्हणजेच पेरू असून तेथील मृत्पात्रांवरील फेटेधारी चेहरे दहा हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय राजांचे आहेत आणि ते प्रेतांवरून साचे काढून घडवले आहेत. मावशी आयुष्यभर शाळेत शिकवत होती. तिलाही हे पटावे असे लिहिले जाते, याचाच मला संताप आहे.

काळाची गोष्ट लगेच मिटते. माणसाच्या मस्तकाच्या आकाराची ही पात्रे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील मोचे संस्कृतीची आहेत आणि तिचा काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकाचा आहे. प्रेतांवरून साचे काढल्याचा दावाही टिकत नाही. साचे दोन भागांचे असत. एकाच साच्यातून अनेक मस्तके निघत आणि मग प्रत्येकावर वेगळी रंगरेषा चढे.

सर्वांत अन्यायकारक दावा फेट्याचा आहे. ज्या चिकामा खोऱ्यात ही पात्रे घडत, त्याच खोऱ्याच्या मुखाशी वाका प्रिएता या प्राचीन स्थळी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे निळीत रंगवलेले सुती कापड सापडले आहे. ज्यांच्या पूर्वजांना इतक्या आधीपासून कापूस, विणकाम आणि रंग ठाऊक होते, त्यांनी डोक्याला कापड गुंडाळायला परक्या राजाची वाट का पाहावी?

हे चेहरे खऱ्या व्यक्तींचे आहेत, एवढे मात्र मान्य करावे लागते. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन यांनी नऊशेहून अधिक पात्रे तपासून ओठावर व्रण असलेला एकच माणूस चाळीसहून अधिक पात्रांवर ओळखला. त्यात तो सुमारे दहा वर्षांच्या मुलापासून तिशी ओलांडलेल्या पुरुषापर्यंत वाढत जाताना दिसतो. प्रेताच्या साच्यातून असे वाढते वय कसे उतरेल?

पण खरी व्यक्ती म्हणजे राजाच, असे ठरत नाही. शिरोवस्त्र, मोठी कर्णभूषणे आणि चेहऱ्यावरील रंग यांतून कुंभाराने मान दाखवला. आणि तो मान गेला की तेही दाखवले. काही पात्रांवर कैदी नग्न आहेत, त्यांच्या गळ्यात दोर आहे, शिरोवस्त्र उतरलेले आहे आणि कानाच्या पाळीतील मोठी भोके रिकामी आहेत. त्या रिकाम्या भोकांवरूनच कळते की हा माणूस काल मानकरी होता. सत्ता इतक्या बारकाईने पाहणारा तो कुंभार मोचेच होता, आणि त्याने घडवलेली माणसेही तिथलीच होती.