आमचा काही करत नाही

आमच्या कुत्रीचे नाव शेंगा आहे, आणि ते ठेवताना घरातल्या एकाच्याही लक्षात आले नाही की हे नाव कधी तरी पहाटे सव्वापाच वाजता, भर रस्त्यात, जिवाच्या आकांताने पुकारावे लागेल. ती वेळ लवकरच आली. गळपट्ट्यातून मान सोडवून शेंगा एका पांढऱ्या कुत्र्याच्या दिशेने सुटली, तिच्यामागे "शेंगा! शेंगाऽऽ!" असे ओरडत मी सुटलो, आणि तिसऱ्या घरातल्या काकूंनी हातात पातेले घेऊन फाटक उघडले व विचारले, "ओ शेंगावाले, ओल्या हैत का भाजलेल्या?" सोलापुरात शेंगांना कोणत्याही प्रहरी गिऱ्हाईक असते, हे मला त्या दिवशी कळले. पांढऱ्या कुत्र्याला काहीही झाले नाही. तो एका स्कूटरखाली जाऊन बसला आणि तिथून आम्हा दोघांकडे दयेने पाहत राहिला.

शेंगा आमच्याकडे आली ती चार दिवसांसाठी. पुण्यात शिकणारी आमची मुलगी दिवाळीच्या सुटीत आली असताना अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या फाटकापाशी तिला हे तीन-चार महिन्यांचे पिल्लू दिसले. मोठ्या कुत्र्यांनी त्याच्या मागच्या पायाचा लचका तोडलेला होता आणि कारखान्याच्या रखवालदाराने ते डाग पडलेल्या टर्किश टॉवेलात गुंडाळून ठेवले होते. मुलगी ते टॉवेलासकट घरी घेऊन आली, "बाबा, फक्त चार दिवस" म्हणाली आणि पाचव्या दिवशी इंद्रायणी पकडून पुण्याला निघून गेली. त्या चार दिवसांना आता दोन वर्षे होत आली आहेत. माझ्या आईला आधी कुत्रे घरात नको होते. पण बाळे इथल्या खंडोबावर तिची श्रद्धा असल्यामुळे, देवाच्या वाहनापाठोपाठ धावणाऱ्या प्राण्याला हाकलायचे कसे, हा पेच तिला पडला. तिने 'वाघ्या' हे नाव सुचवले. ती मादी आहे हे कळल्यावर मुलीने 'शेंगा' सुचवले आणि ते टिकले. गंमत अशी की लसूण कुत्र्यांच्या रक्ताला अपायकारक असल्यामुळे, जिचे नाव शेंगा, तिलाच शेंगाची चटणी आयुष्यभर वर्ज्य आहे.

घरात शेंगा अतिशय गरीब आहे. आईच्या पायाशी ती पोथी संपेपर्यंत बसून राहते, गॅस सिलिंडर आणणाऱ्या मुलाचे हात चाटते आणि पाल दिसली तर दुसऱ्या खोलीत जाते. हीच शेंगा रस्त्यावर दुसरे कुत्रे दिसताच जे रूप धारण करते ते पाहून, आपण दोरीच्या टोकाला कोणाला बांधून आणले आहे, असा प्रश्न मला पडतो. पाठीवरचे केस उभे राहतात, ती मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि तिच्या पंधरा किलोंच्या देहातून असा आवाज निघतो की वरच्या मजल्यांवरचे दिवे एकामागून एक लागतात. मग खिडक्यांतून प्रश्न येतात. "पिसाळली का हो?" हा पहिला. त्यासाठी लसीकरणाचे कार्ड मी प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात बाळगतो आणि पोलिसाला लायसन्स दाखवावे तसे ते दाखवतो. "उपाशी ठेवता का?" हा दुसरा. आमच्या शेजारच्या अण्णांचे मत अगदीच वेगळे आहे. तिचे लांब पाय आणि बारीक कंबर पाहून त्यांनी ती मुधोळ जातीची असल्याचे जाहीर केले आहे. या जातीवर सरकारने २००५ साली टपाल तिकीट काढले होते, तेव्हा शिकारी रक्त उसळणारच, असे ते म्हणतात. शेंगाचा शेपटीकडचा भाग पाहिला तर तिकीट काढताना टपाल खाते नक्की विचारात पडले असते. पण अण्णांच्या तोंडून निघाले म्हणून मी ते नाकारत नाही.

या सगळ्यापेक्षा मला धडकी भरते ती एका साध्या, प्रेमळ वाक्याची. समोरून एखादे गृहस्थ आपले गुबगुबीत लॅब्रॅडॉर मोकळे सोडून झुलत झुलत येत असतात, ते लॅब्रॅडॉर जन्मजात आनंदाने आमच्याकडे धावत सुटते, मी दोरी मनगटाला दोनदा गुंडाळून "अहो, धरा! तुमचा धरा!" असे ओरडतो, आणि ते गृहस्थ जागचे न हलता हसून म्हणतात, "घाबरू नका हो, आमचा काही करत नाही!" तुमचा करत नाही हे मलाही दिसते आहे, महाराज, आमची करते. पण हे वाक्य पूर्ण होईपर्यंत मी रस्त्यावर आडवा झालेलो असतो, आणि आडव्या माणसाच्या म्हणण्याला वजन राहत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितले की ही रागीट नाही, भित्री आहे. लहानपणी कुत्र्यांनी फाडल्यामुळे प्रत्येक कुत्रे तिला पुढचा लचका वाटते. मोकळी असती तर ती पळून गेली असती. दोरीमुळे पळता येत नाही, म्हणून समोरच्यानेच पळावे यासाठी ती आकांडतांडव करते. शिवाय मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात ती वळसा घेऊन, नजर चुकवून, बाजूने हुंगत. आपण मात्र त्यांना दोरीला धरून नाकासमोर नाक असे आणून उभे करतो, जे कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे सरळसरळ भांडण उकरून काढणे आहे. हे ऐकून मला एकदम शेंगाबद्दल माया दाटून आली. लग्नकार्यात नको असलेल्या नातेवाइकासमोर मला दंड धरून नेऊन उभे केले जाते, तेव्हा माझेही असेच होते. फक्त मी भुंकत नाही.

उपाय मुलीने पुण्याहून फोनवर शिकवला. प्रत्येक कुत्र्याचा एक 'थ्रेशोल्ड' असतो, म्हणजे असे अंतर की त्यापलीकडे दुसरे कुत्रे दिसले तरी ते भान राखून असते आणि त्याच्या अलीकडे आले की कानात बोललेलेही त्याला ऐकू जात नाही. म्हणून अंतर राखायचे, दुसरे कुत्रे दिसले रे दिसले की लगेच तोंडात खाऊ द्यायचा, आणि हे इतक्या वेळा करायचे की कुत्रे दिसणे म्हणजे खाऊ मिळणे हे तिच्या डोक्यात पक्के बसले पाहिजे. मग आठवड्या-आठवड्याने अंतर हळूहळू कमी करायचे. शास्त्र उत्तम आहे, त्याचे मूळ पावलोव्हपर्यंत जाते. अडचण एवढीच की शेंगाचा थ्रेशोल्ड मोजला तेव्हा साठ फूट भरला आणि आमचा रस्ता वीस फुटांचा आहे. त्यातही एका बाजूला चारचाकी, दुसऱ्या बाजूला वाळूचा ढीग. उरलेले चाळीस फूट आणायचे कोठून, हे शास्त्रात दिलेले नाही.

ज्या देशांत हे शास्त्र लिहिले गेले तिथे बहुधा प्रत्येक कुत्र्याच्या दोरीला एक माणूस बांधलेला असतो. आपल्याकडे कुत्री स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक बोळाची हद्द त्यांच्यात ठरलेली आहे. आमच्या किराणा दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत कानाला खाच पाडलेल्या, लंगड्या, तपकिरी 'कारभाऱ्या'चे राज्य चालते. हे नाव मी ठेवले आहे. कानाची खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, आणि २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्याला लस टोचून जिथून उचलले तिथेच परत आणून सोडावे लागते. तेव्हा कारभारी कुठे जायचा नाही, आणि तो इथला मूळ रहिवासी असल्यामुळे ते योग्यच आहे. बदलायचा तर आमचा रस्ता बदलायचा. परिणामी गेली तीस वर्षे ज्या वसाहतीत मी राहतो तिचा नकाशा मी कुत्र्यांवरून नव्याने शिकलो. परवा एकाने दवाखान्याचा पत्ता विचारला तर मी सहज सांगून गेलो, "तीन काळ्या पिल्लांपासून डावीकडे."

वेळ बदलण्याचाही मार्ग नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, डांबर रात्री आठपर्यंत पंजाला चटके देते, म्हणून सगळे सोलापूर पहाटेच बाहेर पडते. त्यांच्या आधी निघायचे म्हणून आम्ही साडेचारला निघतो. तरी नळाला पाणी येण्याचा दिवस असला की साडेचारलाही गल्लीत मोटारी सुरू, पाइप आडवे आणि घराघरातली माणसे दारात. अंधारात, कंबरेला पिशवी बांधून, भिंतीच्या कडेने, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून आधी डोके काढून पाहणारा मी त्यांना कसा दिसत असेन, याचा विचार करणे मी सोडून दिले आहे.

आता त्या पिशवीत काय असते ते सांगितले पाहिजे. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. म्हणून आरंभी मी कडक भाकरीचे तुकडे नेले. शेंगाने ते हुंगून रस्त्यावर टाकले. पनीर नेले, ते ती खात असे, परंतु समोर कुत्रे नसतानाच. शेवटी मुलीने निर्णय दिला की कलेजीशिवाय गत्यंतर नाही. मी हेल्मेट न काढता मटणाच्या दुकानात गेलो, पावशेर कलेजी मागितली, आणि मालकांनी विचारले, "काय सर, आज स्वतः आलाव?" मी तिथे आयुष्यात प्रथमच गेलो होतो, पण रांगेत उभ्या असलेल्या आमच्या ऑफिसातल्या शिपायाने हे वाक्य ऐकले, आणि त्याचा अर्थ एवढाच निघत होता की एरवी मी माणूस पाठवतो. आता परसात वेगळी चूल, वेगळे पातेले आणि वेगळी सुरी आहे. आमच्या हिने घातलेल्या अटीप्रमाणे मी कलेजी उकडतो, तिचे नखाएवढे तुकडे करतो, कारण जास्त झाली तर तीही कुत्र्यांना बाधते, आणि त्यानंतर अंघोळ करूनच घरात येतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते, ही आमच्या पंढरपूरची कथा आहे. मी कलेजी घेऊन धावतो आहे, आणि माझ्या कुत्रीत अजून तरी मला विठ्ठल दिसलेला नाही.

अंतर वाढवण्याचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे पाठ फिरवणे. समोर कुत्रे दिसले की आनंदी आवाजात "चल मागे!" म्हणायचे आणि तिथल्या तिथे वळून चालू लागायचे. शेंगा हे चार दिवसांत शिकली. माझ्या ओळखीच्या माणसांना ते अजून पचलेले नाही. शाळेतला एक जुना मित्र कंबर तलावाच्या बाजूने आपले पॉमेरेनियन घेऊन येत होता, त्याने दुरून हात वर केला, मी "चल मागे!" असे गाणे म्हटल्यासारखे म्हणून गर्रकन वळलो आणि चालू लागलो. "का बे, बघून न बघितल्यागत करलालास?" ही त्याची हाक मला वळणापर्यंत ऐकू येत होती. त्याने माझ्याकडून सात वर्षांपूर्वी घेतलेले पाच हजार मी मागू नयेत म्हणून खरे तर त्याने वळायला हवे होते.

एकदा मुलगी सुटीला आली असताना तिने मागून चालत आमचे चित्रीकरण केले. मी शेंगाचे दोष पाहायला बसलो होतो. चित्रात दूरवर कारभारी दिसतो. शेंगा जमीन हुंगते आहे, तिला पत्ताही नाही. माझे खांदे मात्र कानांपर्यंत चढतात, श्वास अडकतो, मूठ आवळते, आणि ढिली असलेली दोरी तारेसारखी ताठ होते. तेव्हा कुठे शेंगा मान वर करते. तिचे हुंगणे थांबते, तोंड मिटते, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जाते, आणि मग स्फोट. "बाबा, सुरुवात तुम्ही करता," मुलगी म्हणाली. ती हे वाक्य संपवून आणखी बोलायला लागली, तेव्हा मी चहा ठेवायला उठलो.

त्यानंतर मी स्वतःवर काम सुरू केले. दोरी दोन बोटांत धरायची, श्वास सोडायचा आणि काही तरी गुणगुणायचे. तीन महिन्यांत साठाचे पस्तीस फूट झाले. मग गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आली. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचे आवाज आमच्याइथवर पोचले आणि शेंगा रात्रभर पलंगाखाली थरथरत राहिली. असा ताण अंगात साचून राहतो, उतरायला दिवस लागतात, आणि तोवर एरवी चालणारी गोष्टही चालत नाही. दुसऱ्या दिवशी ती टपरीवरच्या कुत्र्याच्या नुसत्या चित्रावर भुंकली. मग आठवडाभर फिरणे बंद. जुनी सोलापुरी चादर जमिनीवर चुरगळून तिच्या घड्यांत मी भाकरीचे तुकडे लपवत असे आणि ती नाकाने ते शोधत असे. घरात तिला भाकरी चालते, हेही तेव्हाच कळले.

गेल्या सोमवारची गोष्ट. श्रावण असल्यामुळे हिने परसातली चूल बंद केली होती आणि पिशवीत पनीरसुद्धा नव्हते, कारण मी पिशवीच विसरलो होतो. गिरणीच्या वळणावर कारभारी उभा. अंतर पंचवीस फूट, मागे पाण्याचा टँकर, वळायला जागा नाही. मी दोन बोटांत दोरी धरली आणि श्वास सोडला. शेंगाने कारभाऱ्याकडे पाहिले. कान पुढे आले. आणि मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले: कुत्रे दिसले आहे, आता माझे काय ते दे. दोन वर्षांत पहिल्यांदा! मी खिसे चाचपले. किल्ल्या, लसीकरणाचे कार्ड आणि सुपारीची पुडी. ती पाहतच होती. कारभाऱ्याने जांभई दिली. मी तिला हळूच म्हणालो, "शाब्बास, शेंगा. शेंगा, शाब्बास."

"ओ शेंगावाले!" मागून काकूंचा आवाज आला. "आज तरी ओल्या हैत का?"

माझ्या तोंडून जे निघाले ते श्रावणी सोमवारी छापण्यासारखे नाही. पण ते इतक्या मोठ्याने निघाले की वरच्या मजल्यावर दिवा लागला आणि कारभारी गिरणीच्या पायरीखाली शिरला. शेंगाने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, नजर चुकवली, आणि थोडा वळसा घेऊन, दोरी पुरेल तेवढे अंतर माझ्यापासून राखून ती उभी राहिली.