खोडदच्या दुर्बिणी आणि नारायणगावची रेल्वे

पुणे-नाशिक रेल्वे नारायणगाववरून न नेता अहिल्यानगर-शिर्डीमार्गे न्यायचं चाललंय आणि त्याचं कारण म्हणून खोडदच्या जीएमआरटीचं, म्हणजे आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीचं, नाव पुढे आलंय. तेव्हापासून जुन्नरकडच्या ओळखीच्या मंडळींचे मला मेसेज येतात: चार शास्त्रज्ञांनी आकाश बघत बसावं म्हणून आम्ही जन्मभर रेल्वेशिवाय राहायचं का? मी नेदरलँड्समध्ये रेडिओ खगोलशास्त्रात काम करते, तेव्हा हा प्रश्न मलाही लागू आहे.

आकाश बघत बसणं आमच्या वाट्याला फारसं येत नाही. इथली लोफार ही दुर्बीण म्हणजे मुख्यतः एक्स्लो गावाजवळच्या सपाट जमिनीवर मांडलेल्या हजारो अँटेना. निरीक्षण वेळापत्रकाप्रमाणे संगणकच करतात. आमचे दिवस जातात दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून प्रस्ताव लिहिण्यात, इतरांचे पेपर तपासण्यात, विद्यार्थ्यांच्या कोडमधल्या चुका शोधण्यात आणि माणसाच्या यंत्रांमधून निघणारा आणि आकाशातल्या क्षीण लहरी झाकून टाकणारा रेडिओ गोंगाट डेटातून उपसून काढण्यात. तो गोंगाट मुळात होऊ नये म्हणून बैठका घेणं, हेसुद्धा संशोधनाचंच काम आहे.

लोफारच्या शेजारी 45 पवनचक्क्या यायच्या होत्या, आणि त्यांच्यातूनही असा गोंगाट निघतो. दोन्ही बाजू अडून बसल्या असत्या तर एकाचा बळी गेला असता. 2016 मध्ये सरकार, कंपन्या आणि खगोलशास्त्रज्ञ यांच्यात करार झाला: पवनचक्क्यांचं रेडिओ उत्सर्जन ठरलेल्या युरोपीय मर्यादेपेक्षा 35 डेसिबलने, म्हणजे तीन हजारांहून जास्त पटींनी, कमी हवं. ते प्रत्यक्ष मोजलं गेलं. आज पवनचक्क्या फिरतात आणि लोफारही चालते.

हा दाखला जुन्नरला जसाच्या तसा लागू होत नाही. इथे नेदरलँड्समधल्या कित्येक गावकऱ्यांना पवनचक्क्या नकोच होत्या. जुन्नरला रेल्वे हवी आहे, टोमॅटो आणि द्राक्षं पिकवणाऱ्या भागाला ती हवीच असणार. शिवाय विजेच्या गाडीवर पेंटोग्राफ (टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) आणि तार यांच्यात उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट अनेक फ्रिक्वेन्सींवर पसरतो. आणि 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या केलेल्या, उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. जीएमआरटी जपलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ज्यांच्या हातची रेल्वे जाते त्यांना नुसतं ‘दुर्बिणीमुळे’ एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं. रूळ किती अंतरावर असले तर किती गोंगाट पोचतो? मधल्या डोंगरांचा आडोसा किती? बोगदा केला तर? कोणतं निरीक्षण कायमचं जाईल? दरवर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, पंचक्रोशीतली शाळकरी मुलं येतात. तिथेच एका टेबलावर रेल्वेचा नकाशा आणि ही मोजमापं मराठीत मांडावीत, आणि दिवसभर तिथे बसून मुलांच्या आईबापांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत.