‘एकच कॅच लावा, बाकीचे सर्व्हरलेस बघून घेईल’ या दाव्याचा प्रतिवाद

सर्व्हरलेस पद्धतीने, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर गरजेपुरती चालणारी छोटी फंक्शन वापरून, आरोग्याच्या नोंदी गोळा करणाऱ्या सेवा कशा लिहाव्यात, याविषयीचा एक सल्ला सध्या प्रोग्रामरांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे. फंक्शनभोवती एरर पकडणारे (‘कॅच’ करणारे) एकच मिडलवेअर, म्हणजे फंक्शनच्या मुख्य कामाला वेढणारा कोड लावा, काहीही बिघडले तरी मोबाइलला २०० कोड, म्हणजे ‘काम झाले’ असे उत्तर पाठवा म्हणजे अ‍ॅप अडकणार नाही, पुन्हा प्रयत्न करण्याचे काम क्लाउडवर सोडा, आलेली रिक्वेस्ट पुढच्या तपासासाठी जशीच्या तशी लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या कामकाजाच्या नोंदवहीत, लिहून ठेवा, आणि ग्रामीण भागातल्या लहान प्रकल्पाला याहून अधिक काही लागत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. गडचिरोली किंवा मेळघाटातील उपकेंद्रांसाठी काम करणाऱ्या कोणी हा सल्ला उचलला, तर त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागेल, म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक मुद्दा २०० कोडचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. भामरागड तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि मोबाइलची रेंजही भरवशाची राहत नाही. अशा ठिकाणचे अ‍ॅप नोंद आधी फोनमध्येच ठेवते आणि रेंज मिळेल तेव्हा सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हरकडून २०० आले, की नोंद पोहोचली असे समजून ते ती पाठवायच्या यादीतून काढून टाकते. आता समजा, एका गरोदर महिलेचे हिमोग्लोबिन ८.६ आहे आणि घाईत दशांशचिन्ह सुटून ८६ नोंदवले गेले. सर्व्हरने ती नोंद नाकारली, मिडलवेअरने एरर पकडली आणि उत्तराच्या मजकुरात ‘एरर’ असे लिहून वर २०० कोड लावला. अ‍ॅप कोड पाहते, देखरेखीची साधनेही कोडच पाहतात, आणि दोघांच्याही लेखी सर्व सुरळीत आहे. फोनमधून नोंद गेली, सर्व्हरवर ती कधी आलीच नाही. गरोदरपणातील ८.६ हे हिमोग्लोबिन जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मध्यम रक्तक्षयात मोडते, म्हणजे जिच्याकडे पुन्हा जायलाच हवे होते, नेमकी तीच महिला यादीत नाही.

यावर उपाय अवघड नाही. आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या एफएचआयआर या मानकात, जे आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही स्वीकारले आहे, ‘ऑपरेशन-आउटकम’ नावाची रचना याच कामासाठी दिलेली आहे. तिच्यात चूक किती तीव्र आहे, कोणत्या प्रकारची आहे आणि नोंदीच्या कोणत्या रकान्यात आहे, हे वेगवेगळे सांगता येते. तिच्यासोबत ४२२ कोड, म्हणजे ‘पाठवलेली माहिती ग्राह्य नाही’ असे उत्तर, पाठवावे आणि नोंदीचा फोनवरच तयार झालेला क्रमांक परत द्यावा. अ‍ॅपकडे नाव आणि आकडा दोन्ही असतात, त्यामुळे ‘या नोंदीतील हिमोग्लोबिन तपासा’ असे ते मराठीत दाखवू शकते. हे महत्त्वाचे अशासाठी, की एरर परत येते तेव्हा त्या महिलेला घरी जाऊन कित्येक तास झालेले असतात. ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ एवढ्यावरून सिस्टर तोच चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहणार, दुसरे त्या काय करतील?

या दाव्यामागची एक काळजी मात्र रास्त आहे. एका चुकीच्या नोंदीमुळे मागच्या सर्व नोंदी अडकू नयेत. त्यासाठी नोंदी एफएचआयआरच्या ‘बॅच’ प्रकाराने पाठवाव्यात, ज्यात प्रत्येक नोंदीचा निकाल स्वतंत्र मिळतो. माता आणि नवजात बालक यांच्यासारख्या परस्परांशी बांधलेल्या नोंदी तेवढ्या ‘ट्रान्झॅक्शन’ प्रकाराने, म्हणजे एकतर सर्व किंवा एकही नाही, अशा पद्धतीने पाठवाव्यात.

‘क्लाउड आपोआप पुन्हा प्रयत्न करतो’ हे अर्धेच खरे आहे. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर फंक्शन चालवणाऱ्या लॅम्डा या सेवेचे उदाहरण घेतले, तर मोबाइलवरून एपीआय गेटवे या प्रवेशद्वारामार्फत थेट आलेल्या कॉलसाठी लॅम्डा पुन्हा प्रयत्न करत नाही, ते काम अ‍ॅपचेच असते. असिंक्रोनस कॉल, म्हणजे उत्तराची वाट न पाहता केलेला कॉल, फसला तर मूळ धरून एकूण तीन प्रयत्न होतात आणि त्यानंतर डेड लेटर क्यू (फसलेले संदेश साठवणारी रांग) किंवा अपयशासाठीचे अन्य ठिकाण नेमलेले नसेल तर ती नोंद टाकून दिली जाते. एसक्यूएस या एडब्ल्यूएसच्या संदेश-रांगांच्या सेवेतील साध्या रांगेतून तोच संदेश एकापेक्षा अधिक वेळा येऊ शकतो. शिवाय रांगेतून एकत्र उचललेल्या दहा संदेशांपैकी एक फसला आणि कोणता फसला हे फंक्शनने कळवले नाही, तर दहाही संदेश रांगेत परततात आणि उरलेल्या नऊ नोंदी दुसऱ्यांदा लिहिल्या जातात. एकाच गरोदर महिलेच्या एकाच तपासणीच्या दोन भेटी झाल्या, की अहवालातले आकडे फुगतात आणि पुढची तपासणी राहून जाते.

म्हणून पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी तोच प्रयत्न ओळखण्याची सोय हवी. नोंदीला क्रमांक फोनवरच द्यावा, सर्व्हरने तो आधी आला आहे का हे पाहावे, आणि काम ‘सुरू’ आहे की ‘पूर्ण’ झाले आहे, हेही त्या क्रमांकासोबत लिहावे, कारण क्रमांक लिहिला आणि नोंद लिहिण्याआधीच फंक्शन बंद पडले, तर पुढचा प्रयत्न ‘हे झालेले आहे’ असे समजून सोडून दिला जाईल. ४२९, ५०३, ५०४ या गर्दी किंवा तात्पुरता बिघाड सांगणाऱ्या कोडांवर पुन्हा पाठवावे, ४२२ वर कधीही नाही. दोन प्रयत्नांमधील अंतर वाढत जावे आणि त्यात थोडी अनियमितता असावी, कारण बंद पडलेला टॉवर सुरू झाला की परिसरातले सर्व फोन एकाच वेळी नोंदी पाठवू लागतात.

आता ‘एकच मिडलवेअर सर्व काही पकडते’ या मुद्द्याकडे वळतो. मिडलवेअर फंक्शनच्या आत चालते, त्यामुळे फंक्शनच मारले गेले तर तेही त्याच्यासोबत जाते. लॅम्डाची वेळमर्यादा संपली किंवा मेमरी अपुरी पडली, तर कॅचमधला कोड चालतच नाही. यासाठी उरलेला वेळ तपासत राहून मर्यादेच्या आधीच काम थांबवावे लागते. काही चुका तर फंक्शनपर्यंत पोहोचतच नाहीत. लॅम्डाला थेट कॉलमध्ये ६ एमबीपर्यंतचाच मजकूर देता येतो, आणि कागदी रिपोर्टचा फोटो बेस-६४ मध्ये, म्हणजे अक्षरांच्या रूपात, घातला की सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे साडेचार एमबीच्या फोटोलाच ही मर्यादा गाठली जाते. ती एरर गेटवेकडून येते आणि तिचा साचा वेगळा असतो. अ‍ॅपला तोही साचा वाचता आला पाहिजे, आणि फोटो नोंदीसोबत न पाठवता स्वतंत्रपणे साठवणीत चढवणे अधिक बरे.

लॉगविषयीचा सल्ला मला सर्वांत अस्वस्थ करतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होत आहे. एखादी मुलगी वाहक आहे, ही माहिती गावात फुटली तर तिचे लग्न मोडू शकते. अशी माहिती नाव आणि १४ अंकी आभा (डिजिटल आरोग्य खाते) क्रमांकासह लॉगमध्ये गेली, तर लॉग पाहू शकणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला ती दिसते, आणि एडब्ल्यूएसचे लॉग जिथे साठतात त्या क्लाउडवॉचमध्ये मुदत ठरवून दिलेली नसेल तर ती कधीच पुसली जात नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, पण त्यात रुग्णाचा निकाल लिहा असे कोठेही म्हटलेले नाही. उलट, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रिक्वेस्टचा क्रमांक, एररचा प्रकार आणि रकान्याचे नाव एवढ्यावर तपास होतो. माहितीची ग्राह्यता तपासणाऱ्या अनेक व्हॅलिडेशन लायब्ररी एररच्या संदेशातच मूळ मूल्य घालतात, त्यामुळे तो संदेशही गाळूनच लिहावा.

राहिला ‘लहान प्रकल्पाचा’ मुद्दा. मोठ्या शहरातील रुग्णालयात बिघाड झाला तर कोणीतरी ओरडते, धारणीच्या उपकेंद्रात सिस्टर वहीत लिहून ठेवतात आणि पुढच्या घरी जातात. म्हणून डेड लेटर क्यूमध्ये एक संदेश पडला तरी इशारा गेला पाहिजे, आणि तो कोणी उघडायचा हे नावानिशी ठरलेले असले पाहिजे: नोंदीतील चूक तालुका आरोग्य कार्यालयातील डेटा पाहणाऱ्याने, आणि कोडमधील चूक तो लिहिणाऱ्याने.