वरची रेघ म्हणजे तगडा शेअर? त्या मेसेजला उत्तर

लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत शेअर बाजाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: चार्टवर शेअर आणि निफ्टी (50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) एकावर एक टाका, ज्याची रेघ वर तो तगडा. आरएसआय (शेअरच्या चढ-उताराचा जोर 0 ते 100 मध्ये दाखवणारा आकडा) 60 च्या वर गेला की त्याने निफ्टीला मागे टाकलं समजा. रेशोची, म्हणजे शेअरच्या भावाला निफ्टीने भागून येणारी, रेघ चढती असेल तर पैसा बुडत नाही. आणि गेल्या वर्षी पहिला आलेला सेक्टर यंदा डोळे झाकून घ्या. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे बाजारात टाकणारी माणसं या ग्रुपांत आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त फसवतो. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या वेबसाइटवर बजाज ऑटो उघडा. वाळूजच्या कारखान्यामुळे तो आपल्याला घरचाच वाटतो. कम्पेअरमध्ये निफ्टी घ्या, बाजूची आकड्यांची पट्टी (स्केल) टक्क्यांची होते. हे टक्के मोजले जातात स्क्रीनवर दिसणाऱ्या पहिल्या कँडलपासून (एक कँडल म्हणजे एका दिवसाचा किंवा ठरावीक काळाचा भाव). आता चार्ट बोटाने उजवीकडे ओढा. जुने महिने आत येतात, पहिली कँडल बदलते, शून्याची जागा सरकते. मघाशी वर असलेली रेघ खाली जाऊ शकते, आणि शेअरचा भाव तर एक पैसाही हललेला नसतो! 23 मार्च 2020 ला निफ्टी 7610 वर बंद झाला. तिथून मोजलं तर आधी सगळ्यात जोरात आपटलेले शेअरही पुढच्या उसळीत पहिलवान दिसतात. तेच जानेवारी 2020 पासून मोजा, त्यातल्या कित्येकांचं तेज उतरतं. म्हणून कुणी असा स्क्रीनशॉट पाठवला की आधी सुरुवातीची तारीख विचारा. दोन्ही रेघांना वेगवेगळ्या पट्ट्या लावल्या असतील, एक डावीकडे, एक उजवीकडे, तर वर-खालीला काही अर्थच नाही.

आरएसआयचं उत्तर छोटं आहे. वेल्स वाइल्डरने 1978 मध्ये मांडलेलं हे सूत्र शेअरच्या स्वतःच्याच मागच्या, साधारण 14, कँडलमधली सरासरी वाढ आणि सरासरी घट पाहतं. निफ्टी त्यात कुठेच नाही. सगळा बाजार तेजीत असताना मागे पडलेल्या शेअरचाही आरएसआय 60 पार करतो.

रेशो मात्र कामाची गोष्ट आहे. शेअर भागिले निफ्टी, मध्ये तिरकी रेघ टाकून दोन्ही चिन्हं लिहिली की चार्ट तयार. मी स्वतः तो दोन टप्प्यांत पाहतो: आधी निफ्टी ऑटो (वाहन कंपन्यांचा निर्देशांक) भागिले निफ्टी, मग बजाज ऑटो भागिले निफ्टी ऑटो. जोर सेक्टरचा आहे की कंपनीचा, ते यात उघड होतं. पण पैसा बुडत नाही? निफ्टी 20 टक्के पडला आणि तुमचा शेअर 10 टक्के, तर रेशो 12.5 टक्के चढतो आणि लाखाचे नव्वद हजार होतात. 2008 मध्ये निफ्टी निम्म्याहून जास्त कोसळला. एफएमसीजी, म्हणजे साबण-बिस्किटासारख्या रोजच्या वस्तूंच्या कंपन्यांचा सेक्टर, त्यामानाने बराच कमी पडला, रेशो झकास दिसला, तरी गुंतवणूकदार तोट्यातच होता.

राहिला सेक्टर. 2021 मध्ये निफ्टी आयटी साधारण 60 टक्के वाढला. ते पाहून 2022 च्या सुरुवातीला जो शिरला, त्याच्यासमोर त्या वर्षात आयटी साधारण 26 टक्के घसरला, निफ्टी मात्र 4 टक्क्यांच्या आसपास वाढला. मोमेंटम, म्हणजे चढणारा शेअर काही काळ चढत राहतो ही कल्पना, खोटं आहे असं मी म्हणत नाही. एनएसईचा (राष्ट्रीय शेअर बाजाराचा) निफ्टी 200 मोमेंटम 30 निर्देशांक त्यावरच उभा आहे. पण त्यातली यादी दर सहा महिन्यांनी बदलते, जोर ओसरलेले शेअर बाहेर काढले जातात. मेसेजमध्ये बाहेर पडण्याबद्दल एक ओळही नाही.

आणखी एक गोष्ट त्यात सुटली आहे: लाभांश. साधा चार्ट फक्त भाव दाखवतो, त्यामुळे कोल इंडियासारखा भरपूर लाभांश देणारा शेअर त्यावर आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो. अशा शेअरची निफ्टीशी तुलना करायची तर शेअरच्या परताव्यात लाभांश मिळवा आणि समोर निफ्टीचा टोटल रिटर्न निर्देशांक, म्हणजे लाभांश धरून मोजलेला निफ्टी, ठेवा.