बचाव पथकाला पैसे कशाला? एका फिरत्या संदेशाला उत्तर

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा भागातील गावांना वेढा घातला, तेव्हापासून सोलापुरातील व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : शोध व बचाव हे सरकारी दलाचे काम आहे, स्वयंसेवक विनामूल्य काम करतात, मग स्वयंसेवी बचाव पथकाला पैसे कशाला, द्यायचेच असेल तर वस्तू द्या, आणि खरी तळमळ असेल तर वेळ आल्यावर स्वतः पाण्यात उतरा.

सरकारी दलाबद्दल आदर असावाच. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनी धरणाच्या पाण्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, जवानांनीच शोध घेतला. परंतु या दलाची पाचवी बटालियन तळेगाव दाभाड्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि तेथून सोलापूर अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. बुडणाऱ्याच्या मेंदूला प्राणवायूवाचून काही मिनिटेच तग धरता येतो. त्या मिनिटांत शहरातले स्वयंसेवी पथकसुद्धा बहुधा पोहोचत नाही, तिथे काठावरचा कोळीच कामी येतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पथकाचा उपयोग त्यानंतरच्या तासांत होतो : छपरावर अडकलेले कुटुंब बाहेर काढणे, अंधार पडण्यापूर्वी शोधाची दिशा ठरवणे. ‘आपदा मित्र’ योजनेतून सरकारने स्वतःच नागरिकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण दिले, ते याच कारणाने.

‘फुकट काम’ हा मुद्दा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. फुकट असतो तो माणसाचा वेळ. बोटीच्या इंजिनाचे इंधन, त्याची देखभाल, जीवरक्षक जॅकेट, गाडीचा विमा, स्वयंसेवकांचा अपघात विमा आणि सरावाचा खर्च यांपैकी काहीही फुकट नसते. बचावाचा दोर तर दिसायला नवा असला तरी मोठा झटका बसल्यानंतर, किंवा उत्पादकाने दिलेली मुदत संपल्यानंतर, बाद करावा लागतो. बाद दोरासमोर उभे राहून छायाचित्र काढायला कोणी देणगीदार येत नाही, म्हणूनच ‘अमुक वस्तूसाठीच’ अशी अट न घालता दिलेली, वर्षभर दरमहा येणारी छोटी रक्कम पुराच्या आठवड्यात एकदाच आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा पथकाला अधिक उपयोगी पडते.

हिशेब मागू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागावा, पावती घ्यावी आणि रोख रक्कम टाळावी. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर करवजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच नाही.

वस्तूंचे म्हणाल, तर आधी फोन करून विचारावे. गोदामातला जुना दोर माल बांधायला ठीक, त्यावर माणूस लोंबकळवता येत नाही. भिजून कुडकुडणाऱ्या माणसाला मात्र कोरडा टॉवेल आणि चादर तातडीने लागते, आणि या बाबतीत सोलापूरने दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे पाहावे असे काही नाही.

संदेशातला स्वतः पाण्यात उतरण्याचा शेवटचा सल्ला घातक आहे. वाचवायला उडी घेणाऱ्या अप्रशिक्षित माणसाला बुडणारा घाबरून मिठी मारतो आणि शोध एकाऐवजी दोघांचा करावा लागतो. काठावरूनच काठी, ओढणी किंवा हवा भरलेली ट्यूब पुढे करावी, बुडणारा माणूस शेवटी नेमका कुठे दिसला ती जागा लक्षात ठेवावी आणि पथक आले की गर्दी मागे घ्यावी. ज्यांच्या कारखान्यात वा दुकानात असा स्वयंसेवक कामाला आहे, त्या मालकांना तर पाण्याजवळही जावे लागत नाही : फोन आला की त्याला पगार न कापता सोडावे आणि रात्रभर बोटीवर असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला बोलावू नये.