अर्धा मिलिमीटर

रविवारपासून मी वरच्या मजल्यावरच्या नानांशी बोलत नाहीये. त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही, हा भाग वेगळा.

वडिलांची ८६ सालची मोटरसायकल महिनाभर ठिबकत होती. पेट्रोल शंभराच्या वर, आणि रोज सकाळी फरशीवर तळहाताएवढा डाग. इंदुरातल्या सियागंजातून काब्रेटरची नवी निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, आणली, तरी तेच. म्हणजे घोळ फ्लोटच्या, आत तरंगणाऱ्या भागाच्या, उंचीत. शेवटी रामबागेतल्या आमच्या अंगणात पेपर पसरून काब्रेटर खोलला.

वाटीत पेट्रोल चढतं, फ्लोट उचलला जातो, त्याची पितळी जीभ निडलला दाबते, पेट्रोल बंद. एवढंच. पण जीभ बिजागरीला चिकटून आणि फ्लोट लांब, त्यामुळे जीभ अर्धा मिलिमीटर हलली की फ्लोट कुठल्या कुठे जातो. शिवाय निडलच्या मागची स्प्रिंगवरची पिन दबू न देता मोजायचं. काब्रेटर तिरका धरून, श्वास रोखून मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून नाना उतरले. हातात पोह्यांची बशी, पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन, म्हणजे इंदुरी मसाल्याची पूड.

"हा तर आपला टाकीतला गोळा!"

"तत्त्व तेच आहे नाना, पण..."

"पण काय? दांडी खाली वाकव, काम तमाम. वरच्या टाकीचा मी असाच केला. दोन्ही हातांनी."

"इथे अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न आहे."

"अरे, पाण्याला मिलिमीटर कळतो का?"

"पेट्रोल आहे हे."

"तेच ते. पातळच ना?"

आणि त्या 'पातळ'बरोबर एक शेव सुटली ती थेट उघड्या वाटीत. तासभर ब्रशने घासून लख्ख केलेल्या वाटीत. नानांनी ती चिमटीत धरायला बोटं घातली. शेव मोडली. आता दोन झाल्या, शिवाय तळाला जिरावन.

"राहू दे," नाना म्हणाले, "विरघळेल."

इंदुरात गाडी उघडी दिसली की चार माणसं थांबतातच. "भिया, प्लग देख लो" म्हणतात आणि निघून जातात. त्यांचं मला काही वाटत नाही, निघून जातात ना. नाना थांबतात.

आणि त्या टाकीचं सांगतो. नर्मदेचं पाणी १९७८ साली इंदुरात आलं. नर्मदाकाठच्या जलूदहून, ७० किलोमीटर, घाट चढून, पंपांवर वीज ओतून. आम्हाला ते एक दिवसाआड मिळतं. त्यातलं अर्धं नानांच्या टाकीवरून ओसंडून माझ्या अंगणात येतं, कारण त्या गोळ्याची दांडी दोन्ही हातांनी वाकवलेली आहे. तीनदा सांगून झालं. प्लंबर पाठवला, तर त्याला चहा पाजून परत धाडला.

रविवार पाण्याचाच दिवस. वाटी पुन्हा धुतली, जीभ वाकवली, माप जुळलं, आता फक्त वाटी लावायची, आणि वरून धार. पेपर भिजला, आणि वाटीचा एक स्क्रू माझ्या डोळ्यांदेखत मोरीत गेला.

"नाना, टाकी!"

"नर्मदामैया आहे रे ती. डोक्यावर घे, पुण्य लागेल."

संध्याकाळी गॅलरीतून विचारत होते, "काय रे, दांडी वाकवलीस ना?"